शेअर, चलन की रोखे?

"खिडकीजवळचं घे," बाबा म्हणाले. "आणि दाराकडे पाठ करून बसू नकोस. माझी सगळी नोकरी दाराकडे पाठ करण्यात गेली. साहेब कधी मागे येऊन उभा राहायचा ते कळायचंच नाही."

बँकेत मला डेस्क निवडायचा आहे, एवढंच मी जेवताना म्हणालो होतो.

"बाबा, डेस्क म्हणजे टेबल नाही. डेस्क म्हणजे माणसांचा एक गट."

"मग गट म्हण की. टेबल कशाला म्हणतोस?"

"मी टेबल म्हटलंच नाही. तुम्ही म्हणालात."

"बघ, उलट उत्तरं द्यायला आत्तापासून शिकला," बाबा आईला म्हणाले, आणि विषय तात्पुरता मिटला.

आई ज्या बँकेत पासबुक भरून आणते ती ही बँक नव्हे. इथे रांग नाही, काउंटर नाही, दोरीला बांधलेलं पेन नाही. ही बँक विमा कंपन्यांना, पेन्शनच्या फंडांना आणि असल्याच गलेलठ्ठ गिऱ्हाइकांना शेअर, रोखे आणि परदेशी चलन विकते. तिथे मला उन्हाळ्यापुरता इंटर्न म्हणून घेतलं होतं. विक्रीच्या मजल्यावर तीन डेस्क होते. तिन्हीकडे थोडे थोडे दिवस बसायचं, मग एक निवडायचा. मेख अशी की, त्या डेस्कनंही तुम्हाला निवडायला हवं. दोघांचं जुळलं तर पुढे नोकरी. नाही जुळलं तर हसतमुखानं हात हलवून घरी.

दुसऱ्या दिवसापर्यंत ही बातमी सगळ्या इमारतीत पसरली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क काका पेपर मागायला आले आणि पेपर न घेता बसलेच. "ड्रॉवरला कुलूप आहे का ते आधी बघ," ते गंभीरपणे म्हणाले. "स्टेपलर बाहेर ठेवलास की गेला म्हणून समज. माझे चार साहेब बदलले, पण स्टेपलर एकच होता. का? कुलूप!" मी त्यांनाही गट वगैरे सांगून पाहिलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असू दे. गटाला असतं ना ड्रॉवर?"

सगळ्यात जास्त आनंद मामाला झाला. मामा पाण्याचे पंप विकतो. घरात त्याला आजवर कोणी गांभीर्यानं घेतलेलं नाही. "सेल्स!" तो दारातूनच ओरडला. "घरात दुसरा निघाला म्हणायचा! आता शिकवतो तुला." मग त्यानं मला गिऱ्हाईक समजून पंप विकून दाखवला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, आमच्याकडे विहीर नाही, तरी शेवटी शेवटी मला पंप घ्यावासा वाटू लागला होता हे खरं आहे.

अशी जय्यत तयारी करून मी बँकेत गेलो आणि दाराबाहेरच अडकलो.

विक्रीच्या मजल्याला काचेचं दार आहे. ते कार्डानं उघडतं. माझ्या कार्डानं फक्त कँटीनचं दार उघडत होतं. मी मनुष्यबळ खात्यातल्या ताईंकडे गेलो.

"तुमच्या डेस्कचा नंबर सांगा, लगेच करून देते," ताई म्हणाल्या.

"डेस्क अजून निवडलेला नाही."

"मग निवडा की."

"निवडायला आत जावं लागेल."

"आत जायला कार्ड लागेल," ताई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. मला एकदम वाटलं की, माझ्या बुद्धीची चाचणी चालली आहे आणि तिचा निकाल फारसा बरा नाही.

शेवटी मी काचेबाहेर उभा राहिलो. कोणीतरी कॉफीचा ट्रे घेऊन आलं, दोन्ही हात अडकलेले, मी ट्रे धरला, त्यांनी दार उघडलं आणि मी ट्रेसकट आत शिरलो. मागे वळून पाहतो तो ट्रेचे मालक फोनवर बोलत लिफ्टकडे निघून गेलेले. "इकडे, इकडे!" असा पुकारा झाला. मी कप वाटले. ट्रे रिकामा झाल्यावर एकानं तो पुन्हा माझ्या हातात दिला आणि सांगितलं, "दोन बिनसाखरेचे. आणि उद्यापासून जरा लवकर येत जा."

पदवीधर माणसानं अशा वेळी ताठ मानेनं खुलासा करायला हवा. मी करणारही होतो. पण मला पाहायचं होतं की, ही माणसं नक्की करतात तरी काय. कॉफी देणाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही, त्यामुळे त्याला सगळं ऐकता येतं. मी आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला कोण किती साखर घेतो हे पाठ झालं होतं आणि शेअर म्हणजे काय हे पूर्वीइतकंही कळेनासं झालं होतं.

ताईंनी शेवटी तिन्ही डेस्कचे नंबर घालून कार्डाचं प्रकरण मिटवलं आणि त्या मला रीतसर ओळख करून द्यायला शेअरच्या डेस्कवर घेऊन गेल्या. तेव्हा तिथले प्रमुख मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाले, "हा इंटर्न? मग कॉफी कोण आणणार?"

या प्रमुखांना सगळा मजला सेनापती म्हणतो. उंच, तुळतुळीत डोकं, दोन्ही कानांना दोन फोन. शेअरच्या डेस्कवर कोणी बसून बोलत नाही. सगळे उभे, सगळे ओरडत. मी सेनापतींना पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही आत्ता ज्याबद्दल बोललात तो शेअर चांगला आहे का?"

"चांगला की वाईट ते गिऱ्हाईक ठरवेल. मी त्याला गोष्ट सांगतो."

"कसली गोष्ट?"

"ही कंपनी आज कुठे आहे आणि उद्या कुठे जाईल त्याची."

"उद्या कुठे जाईल ते तुम्हाला कसं कळतं?"

सेनापतींनी माझ्याकडे पाहिलं. एक फोन वाजला आणि मी वाचलो.

चलनाच्या डेस्कवर दोघेच होते. ते मॉनिटरवरच्या आकड्यांकडे टक लावून बसत आणि दिवसभर एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. मधेच एक जण भुवई उंचावे, दुसरा मान हलवे, आणि कुठल्याशा देशाचं चलन कुठल्याशा दुसऱ्या देशात जाई. मी विचारलं, "आत्ता काय झालं?" दोघांनीही भुवया उंचावल्या. मी तीन दिवस भुवयांचा अभ्यास केला. हाती काही लागलं नाही.

रोख्यांच्या डेस्कच्या प्रमुख एक बाई होत्या. करड्या केसांच्या, शांत. त्या फोनवर बोलताना ओठ हलताना दिसत, पण आवाज येत नसे. मला वाटलं, फारच गुप्त काम असणार. म्हणून मी आदरानं खुर्ची जरा मागे घेतली. अर्धा दिवस असाच आदर दाखवण्यात गेला आणि मी काहीही न कळता परत आलो.

आता जे घडलं ते सांगताना आजही माझे कान गरम होतात.

शेअरच्या डेस्कवर प्रत्येकासमोर एक छोटी पेटी असते. तिचं बटण दाबून बोललं की आवाज मजल्यावरच्या सगळ्या स्पीकरांतून ऐकू जातो. सकाळच्या महत्त्वाच्या बातम्या अशा सांगतात. मी एका रिकाम्या खुर्चीत बसलो होतो. आईचा फोन आला. मी ऐसपैस कोपर टेकवून तिच्याशी बोलू लागलो. कोपर कशावर टेकलं होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

"नाही गं, अजून नाही ठरलं. शेअरवाले? ते ओरडतात. हो, तो टकलाच मुख्य. फोन हातात नसला तरी ओरडतो. माणूस वाईट नसेल, पण शेजारी बसलं की डोकं दुखतं. चलनवाले? दोघं आहेत. त्यांचं बहुतेक भांडण झालंय, बोलतच नाहीत. नुसत्या भुवया उडवतात. रोख्यांच्या बाई बऱ्या वाटतात, पण त्या दिवसभर करतात काय, देव जाणे. जेवलो. हो, सगळं संपवलं."

इथे मला जाणवलं की समोरच्या खांबावरच्या स्पीकरमधून कोणीतरी माझ्याच आवाजात, एक क्षण उशिरानं, "सगळं संपवलं" म्हणालं.

मजल्यावरची सगळी माणसं माझ्याकडे वळली होती. सेनापतींनी दोन्ही फोन कानांवरून खाली घेतले होते. चलनवाल्या दोघांच्या चारही भुवया वर होत्या. मी कोपर उचललं. पेटीवरचा दिवा विझला. पलीकडून आई विचारत होती, "अरे, गप्प का झालास?"

त्या दिवसापासून सेनापती मला पाहिलं की कुजबुजत बोलू लागले. ते ओरडण्याहून भयंकर होतं. चलनवाले मी जवळ गेलो की एकमेकांशी बोलू लागले, आणि तेही हवापाण्याबद्दल, मोठमोठ्यानं. रोख्यांच्या बाईंकडे पाहायची माझी हिंमतच नव्हती. निवड कळवायची मुदत जवळ येत होती आणि तिन्ही डेस्कची दारं मी स्वतःच्या कोपरानं बंद केली होती.

घरी तातडीची बैठक बसली. बाबा म्हणाले, रजा टाक. हेडक्लार्क काका म्हणाले, आपण बोललोच नाही असं लेखी कळव. आई म्हणाली, फोन मी केला होता, मी येऊन सांगते. त्या कल्पनेनं मला घाम फुटला. मामानं मात्र हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "गिऱ्हाईक नाराज झालं की काय करायचं? भेट द्यायची. काही मोठी नाही." आणि त्यानं पिशवीतून पेनांचा खोका काढला. निळी पेनं, त्यांवर सोनेरी अक्षरांत छापलेलं: 'एकदा बसवा, आयुष्यभर ओढा.' खाली पंपाचं चित्र.

मी नको म्हणत होतो. पण मामाचं विकण्याचं कसब मी आधी सांगितलंच आहे. सकाळी लवकर जाऊन मी मजल्यावर प्रत्येकासमोर एकेक पेन ठेवलं.

दुपारी मला नियमपालन खात्यात बोलावणं आलं. असं एक खातं असतं हेच मला माहीत नव्हतं. तिथले साहेब हातमोजे घालतील की काय अशा सावधपणे ते पेन टेबलावर फिरवत होते.

"ही भेट कोणाकडून?"

"माझ्याकडून. म्हणजे मामाकडून. पंपाकडून."

"पंप कंपनीकडून," साहेबांनी लिहून घेतलं. "विक्री विभागातल्या प्रत्येकाला. का?"

"माफी म्हणून."

"पंप कंपनीची कसली चूक झाली?"

"पंपाची नाही, कोपराची."

साहेबांनी चष्मा काढला. "या कंपनीतली एखादी आतली बातमी तुम्हाला ठाऊक आहे का? नीट विचार करून सांगा."

मी नीट विचार केला. "मामाचा पगार यंदाही वाढला नाही."

हेही त्यांनी लिहून घेतलं. मग निर्णय दिला. संध्याकाळच्या आत सगळी पेनं परत गोळा करायची. एकही कमी असता कामा नये.

दिलेली भेट परत मागायला जाण्यासारखी मानहानी नाही. "माफ करा, ते पेन जरा..." असं म्हणत मी टेबलाटेबलांवरून फिरलो. सेनापतींनी पेन दिलं, पण आधी त्यावरचं वाक्य सगळ्या डेस्कला मोठ्यानं वाचून दाखवलं. हशा झाला, पण निदान ते कुजबुजले नाहीत. चलनवाल्यांनी दोघांत मिळून एक पेन दिलं. दुसऱ्यासाठी बऱ्याच भुवया खर्ची पडल्या. शेवटी एकच राहिलं. ते रोख्यांच्या बाईंच्या हातात होतं आणि त्या त्यानं काहीतरी लिहीत होत्या.

मी मागितलं. त्यांचे ओठ हलले.

"काय म्हणालात?"

पुन्हा ओठ हलले. मी खुर्ची ओढली आणि कान त्यांच्याजवळ नेला, तेव्हा पहिल्यांदा मला शोध लागला की बाईंचं काम अजिबात गुप्त नव्हतं. त्यांचा आवाजच तेवढा होता.

"मी काय करते ते कळलं नाही म्हणालास," बाई म्हणत होत्या. "ते आधी कळून घे, मग पेन ने."

"सांगा," मी म्हणालो, आणि मला खरंच हवं होतं.

"घरी कोणी निवृत्त आहे?"

"बाबा. दर महिन्याला पेन्शन येते."

"कुठून?"

"बँकेतून."

"बँकेत कुठून येते?"

माझं शिक्षण त्या पैशांवर झालं होतं. ते कुठून येतात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"तुझे बाबा तरुण होते तेव्हा कुठल्यातरी ऑफिसात बसून कोणीतरी आजच्या दिवसाचा विचार करून ठेवला होता," बाई म्हणाल्या. "असा विचार करणं ज्यांचं काम आहे त्यांना मी फोन करते. सरकारला पूल बांधायला पैसे आज हवेत. यांना पेन्शन द्यायला ते तीस वर्षांनी हवेत. मी दोघांची गाठ घालून देते. त्या कराराला रोखा म्हणतात. झालं."

झालं कुठलं! मी विचारलं, तीस वर्षांत सरकारच बदललं तर? पूल पडला तर? माणसं ठरल्यापेक्षा जास्त जगली तर? बाई उत्तर देत आणि त्या उत्तरातून मला आणखी दोन प्रश्न सापडत. मध्ये एकदा त्या हसल्या, असं मला दिसलं. नियमपालनवाल्या साहेबांचा माणूस पेनांसाठी येऊन उभा राहिला तेव्हाच आम्ही थांबलो. घरी जाताना रस्त्यावरच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे मी नव्या नजरेनं बघत होतो, आणि त्यांतल्या एकानं मला "काय आहे?" असं विचारलंही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हणालो, "मला तुमच्याकडे यायचंय."

"आमच्याकडे येणाऱ्यानं आधी भिंतीला फोन करायचा," बाई म्हणाल्या. "प्रथाच आहे."

भिंत म्हणजे शहरातल्या बसवाल्यांच्या पेन्शन फंडाचे प्रमुख. मोठं गिऱ्हाईक. बाई त्यांना कित्येक वर्षं दर मंगळवारी फोन करत होत्या. ते "हं" म्हणत आणि फोन ठेवत. कधी काही विकत घेतलं नाही, कधी नाहीही म्हटलं नाही. बाईंच्या हाताखालचे दोघे खुर्च्या सरकवून मजा बघायला आले.

मी फोन लावला. आमच्या घरी फोनवर सगळे ओरडूनच बोलतात, माणूस जितका लांब तितका आवाज मोठा. मी नाव, बँक, डेस्क, तीस वर्षांचा रोखा, सगळं दणक्यात सांगितलं.

पलीकडून एक चकित आवाज आला. "अहो, तुम्ही कोण?"

मी पुन्हा सांगितलं.

"रोख्यांचा डेस्क होय! अहो, दर मंगळवारी या नंबरवरून फोन येतो. कोणीतरी बाई असतात. चांगल्या घरच्या वाटतात, पण एक अक्षर ऐकू येत नाही. माझा हा कान जरा कमी आहे. सारखं 'काय? काय?' विचारणं बरं दिसत नाही, म्हणून आपलं 'हं' म्हणतो."

मी हे सगळं बाईंना कसं सांगावं या विचारात पडलो. सांगायची गरज नव्हती. भिंतीचा आवाजही फोनबाहेर पाच टेबलं ऐकू जात होता. बाई कपाळापर्यंत लाल झाल्या, मग तोंडावर हात धरून खुर्चीतल्या खुर्चीत हलू लागल्या. हाताखालचे दोघे टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकले.

मला विकायचा होता तीस वर्षांचा रोखा. पण माझ्या मनात भलतंच काही आलं होतं आणि ते बाहेर पडलं. "तुमच्या फंडातल्या ज्या माणसाला सगळ्यात शेवटी पेन्शन सुरू होणार, तो आत्ता काय करतोय?"

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यात तरुण माणूस. तो कोण आहे?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "गंमतच आहे. हे मी कधी विचारलंच नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

विक्री शून्य. पण मला डेस्कवर घ्यायच्या कागदावर बाईंनी सही केली.

गंमत म्हणजे त्याच संध्याकाळी सेनापती आले. कुजबुजले नाहीत, नेहमीसारखे गरजले. "तो फोन मी माझ्या जागेवरून ऐकला. असा आवाज रोख्यांत वाया घालवणार? माझ्याकडे ये. बोललास ते विसरलो मी." काल एकही डेस्क नव्हता, आज दोन झाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काही म्हणाल्या नाहीत. किंवा म्हणाल्या असतील. शेअरच्या डेस्कवर सगळं आज घडतं आणि संध्याकाळी संपतं. मला वेळ लागतो. मी सेनापतींचे मनापासून आभार मानले आणि बाईंशेजारची खुर्ची घेतली. "डोकं दुखेल म्हणून ना?" असं म्हणून ते हसत हसत निघून गेले.

पुढच्या आठवड्यात फोन वाजला. मंगळवार नव्हता. भिंतीनं स्वतःहून फोन केला होता.

"तो ओरडून बोलणारा मुलगा आहे का? सापडली हो!"

"कोण?"

"सगळ्यात तरुण. मुलगी आहे, वीस वर्षांची. मागच्याच महिन्यात ड्रायव्हर म्हणून लागली. मी काल तिच्या बसमध्ये बसून आलो. इतकी वर्षं या लोकांचे पैसे सांभाळतोय, पण त्यांच्या बसमध्ये बसलो नव्हतो. शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो, परत आलो."

"कशी चालवते?"

"भरधाव. म्हाताऱ्या माणसासाठी मात्र थांबली, मागून धावत येत होता बिचारा. उतरताना तिला म्हटलं, निवृत्त कधी होणार? ती म्हणाली, काका, आत्ता तर गिअर शिकले. मी हिशेब केला. तुमचं ते तीस वर्षांचं तिला पुरायचं नाही. चाळीसचं काही आहे का?"

मी बाईंकडे वळलो. माझे डोळे काय सांगत होते कुणास ठाऊक, बाई आधीच उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, खोल श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं ओरडल्या की, पलीकडे सेनापतींनी दचकून दोन्ही फोन खाली घेतले.

"आहे!"